थर्मोस्टॅट काढू नका, त्याचे अंशही उतरवू नका

शाहूवाडी तालुक्यातून कोकणात उतरायच्या गाडीवाटा मुख्यतः दोन. मलकापुरावरून आंब्याला जाऊन साखरप्याकडे उतरणारा आंबा घाट, आणि राजापूरच्या अंगाला उतरणारा अणुस्कुरा घाट. दोन्ही घाट उतरताना ब्रेकची परीक्षा घेतात आणि चढताना इंजिनाची. एप्रिल-मे महिन्यांत साखरप्याहून भरल्या गाडीने, एसी लावून, मालट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत वर येताना अनेक गाड्यांचा काटा लाल रेघेकडे सरकतो. मग घाटमाथ्यावर किंवा मलकापुरात ठरलेला सल्ला मिळतो : थर्मोस्टॅट काढून टाका, आणि काढायचा नसेल तर कमी अंशांचा बसवा, ८२ चा असेल तर ७१ चा टाका, दोन बोल्टचं काम आहे, घरीच होतं. वडापच्या गाड्यांत, जुन्या जीपमध्ये आणि आता इंजेक्शनच्या नव्या गाड्यांतही हा उपाय सर्रास केला जातो. मला या सल्ल्याला स्पष्ट विरोध करायचा आहे. गाडीचं काम घरी करण्याला माझी काहीच हरकत नाही, उलट ते अधिक लोकांनी शिकावं. हरकत आहे ती आकडा बदलण्याला. कमी अंशांचा थर्मोस्टॅट घाटातल्या तापण्यावरचा इलाजच नाही, आणि ज्या इंजिनाला वाचवायला तो बसवला जातो त्याच इंजिनाची झीज तो वाढवतो.

आधी हा वॉल्व्ह करतो काय ते पाहू. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वाटेवर तो बसलेला असतो. आत पितळेची एक छोटी डबी, तिच्यात खास निवडलेलं मेण, मेणात रुतलेली एक कांडी आणि बाहेरून दाबून धरणारी स्प्रिंग. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की मेण वितळतं, वितळताना फुगतं आणि कांडीला रेटतं. ताटली उचलली जाते आणि रेडिएटरची वाट उघडते. पाणी निवलं की मेण आकसतं, स्प्रिंग ताटली पुन्हा खाली बसवते. ही मेणाची युक्ती १९३० च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी रूढ केली. त्याआधी पातळ पत्र्याच्या भात्यात चटकन उडणारा द्रव भरून हेच काम करवून घेत. वॉल्व्हवर कोरलेला ८२ किंवा ८८ हा आकडा म्हणजे ताटली उघडायला सुरुवात होते तो अंश. पूर्ण उघडायला त्याच्या वर आणखी दहा-बारा अंश लागतात. म्हणजे ८२ चा वॉल्व्ह ९५ च्या आसपास सताड उघडा होतो, ७१ चा ८५ च्या आत. पुढचा सगळा वाद समजायला एवढी गोष्ट पुरेशी आहे. थर्मोस्टॅट इंजिनाला एका मर्यादेखाली थंड होऊ देत नाही. एका मर्यादेवर ते तापू नये ही जबाबदारी त्याच्याकडे कधीच नव्हती. ती रेडिएटरची, पंख्याची, पाण्याच्या पंपाची आणि रेडिएटरच्या झाकणाची.

गाडी ११० अंशांना पोचली असेल तर ८२ चा वॉल्व्हही पूर्ण उघडा असतो आणि ७१ चाही. दोघांतून पाणी सारख्याच मोकळेपणाने जातं. त्या क्षणी इंजिनाच्या दृष्टीने त्या दोन वॉल्व्हमध्ये काहीही फरक उरलेला नसतो. मग तापमान कुठे जाऊन थांबेल हे कशावर ठरतं? इंजिन पाण्यात दर मिनिटाला किती उष्णता ओततं आणि रेडिएटर ती हवेत किती वेगाने सोडतो, यावर. रेडिएटरने सोडलेली उष्णता पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. फरक जास्त, तर उष्णताही जास्त जाते. म्हणून इंजिन तापत तापत अशा ठिकाणी येऊन थांबतं, जिथे ओतलेली आणि सोडलेली उष्णता सारखी होते. बाहेर ३६ अंश, चढ अमुक, वजन अमुक आणि रेडिएटर अर्धा बुजलेला, असं सगळं मिळून तो मुक्काम ११० वर ठरत असेल, तर वॉल्व्हवर कुठलाही आकडा कोरा, मुक्काम ११० च राहतो. या हिशेबात थर्मोस्टॅटच्या आकड्याला जागाच नाही. ही बाब कुणाच्या मताची किंवा अनुभवाची नाही. ज्याला हा सल्ला द्यायचा आहे त्याने आधी या हिशेबातली चूक दाखवावी.

यावर एक जरा बऱ्या दर्जाचा आक्षेप येतो, आणि तो नीट ऐकून घेतला पाहिजे. मुक्काम तोच असेल, पण थंड इंजिनाने घाटाला सुरुवात केली तर तिथे पोचायला उशीर लागेल, आणि तेवढ्यात घाट संपेल, असं त्याचं म्हणणं. दिशेने हे बरोबर आहे. प्रश्न फक्त किती उशीर, हा आहे. ढोबळ हिशेब करू. माणसं-सामान धरून दोन टनांची गाडी ४०० मीटर उंची चढते. नुसतं वजन वर न्यायलाच सुमारे ७,८०० किलोजूल ऊर्जा लागते. इंजिनात जळणाऱ्या इंधनाचे साधारण तीन वाटे होतात : एक चाकांना, एक सायलेन्सरमधून बाहेर, एक थंड करणाऱ्या पाण्यात. म्हणजे जवळपास तेवढीच, ७,८०० च्या आसपास, उष्णता पाण्यात येते. आठ लिटर पाणी आणि दीडशे किलो लोखंड मिळून एक अंशाने तापवायला साधारण १०० किलोजूल लागतात. दहा अंशांना १,०००. वीस मिनिटांच्या चढात ही सवलत झाली अडीच मिनिटांची. तीही पूर्ण हातात पडत नाही. बाहेर ३५ अंश असताना ९० अंशांचं पाणी ५५ अंशांच्या फरकावर उष्णता सोडतं, ७५ अंशांचं पाणी फक्त ४० अंशांच्या फरकावर. म्हणजे थंड पाण्याच्या रेडिएटरची बाहेर टाकलेली उष्णता त्याच वाऱ्यात पाव हिश्शाहून थोडी जास्तच घटते, आणि सुरुवातीची आघाडी चढावर हळूहळू वितळत जाते. ज्या गाडीचा रेडिएटर आणि पंखा धड आहे तिला या दोन मिनिटांची गरज नाही. ज्या गाडीचा धड नाही, ती दोन मिनिटं उशिरा तापते. ही दोन मिनिटं मिळवायला उरलेल्या वर्षभरातला प्रत्येक किलोमीटर इंजिन अर्धवट गरम ठेवून चालवायचा, हा सौदा कुठल्याही हिशेबाने परवडणारा नाही.

सपाटीवरही तेच. कोल्हापुरात दसरा चौकात सिग्नलला उभ्या गाडीत रेडिएटरवर वारा येत नाही. तिथे पाणी तापत जातं आणि विजेचा पंखा सुरू झाला की उतरतं. तो पंखा कधी लागायचा हे गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये लिहिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांत ९५ अंशांच्या आसपास. घरी वॉल्व्ह बदलला तरी तो आकडा बदलत नाही. उभ्या गाडीत ७१ च्या वॉल्व्हचं पाणीही पंख्याच्या अंशापर्यंत चढतं आणि तिथेच खेळत राहतं. आणि पाणी ९५ ला पोचलं म्हणजे उकळीच्या काठावर आलं, ही भीतीही चुकीची आहे. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं. स्वयंपाकघरातल्या कुकरमध्ये शिट्टीच्या वजनाखाली पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही, तसंच एक किलो दाबाच्या झाकणाखाली इथेही घडतं. त्यात निम्मं कूलंट असेल तर उकळी १२५ च्याही वर जाते. झाकणाचं रबर मेलं असेल तर मात्र दाब राहत नाही, आणि शाहूवाडीच्या उंचीवर साधं पाणी १०० च्याही थोडं आधीच उकळतं. घाटात 'उकळलेल्या' कितीतरी गाड्यांत दोष या झाकणाचा असतो. कुणी ते झाकण तपासत नाही आणि सगळे वॉल्व्हच्या मागे लागतात.

सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगितला जाणारा मुद्दा म्हणजे अनुभवाचा. वॉल्व्ह काढला आणि त्या दिवसापासून गाडी तापायची थांबली, असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. पण त्यांच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. मेणाची डबी जुनी झाली, गंजली, की वॉल्व्ह अर्धा मिटलेला अडकून बसतो. मग रेडिएटर कितीही चांगला असो, त्याच्याकडे पाणीच जात नाही आणि गाडी तापते. असा अडकलेला वॉल्व्ह काढला की तापणं थांबणारच. त्याच आकड्याचा नवा वॉल्व्ह बसवला असता तरी थांबलं असतं. बरा झालेला आजार बिघडलेल्या वॉल्व्हचा होता. त्यावरून चांगला वॉल्व्ह दोषी ठरत नाही. कमी अंशांचा नवा वॉल्व्ह बसवून फरक पडला असं म्हणणाऱ्यांनीही हेच तपासावं : फरक कमी अंशांनी पडला की नव्या वॉल्व्हने? त्यातच बहुधा जुनं गंजलेलं पाणी काढून ताजं कूलंट भरलेलं असतं, अडकलेली हवाही निघालेली असते. तीन गोष्टी एकाच दिवशी बदलायच्या आणि श्रेय एकीला द्यायचं, ही तपासणी झाली नाही. शिवाय कित्येक इंजिनांत वॉल्व्हला दोन ताटल्या असतात. वरची रेडिएटरची वाट उघडते तेव्हा खालची बायपासची वाट बंद करते. असा वॉल्व्ह अख्खा काढून फेकला तर बायपास कायमचा उघडा राहतो, तापलेलं पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरतं, आणि ऐन चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते. काढल्याने बरं वाटलेली माणसं भेटतात तशी काढल्याने हेड वाकलेली इंजिनंही गॅरेजात येतात. पण तेव्हा दोष वॉल्व्ह काढण्याला दिला जात नाही.

जितकं थंड तितकं इंजिन सुखी, ही समजूत आपल्या भागात इतकी खोल का रुजली, याचं एक कारण मला विहिरीवरच्या ऑइल इंजिनात दिसतं. कोल्हापूर हा इंजिनं ओतणारा, घडवणारा आणि चालवणारा जिल्हा आहे. शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली आणि गोकुळ शिरगावपर्यंतच्या फौंड्र्यांनी ब्लॉक आणि हेड यांच्या कास्टिंगवर नाव कमावलं. शेतावरच्या संथ डिझेल इंजिनात पंपाने उपसलेल्या विहिरीच्या पाण्याचाच एक फाटा इंजिनातून फिरवून पाटात सोडलेला असे. पाणी फुकट, थंडगार आणि न संपणारं; त्यामुळे थंडावा जास्त झाला तर काय, असा प्रश्नच फारसा कुणाला पडला नाही. जाणता मिस्त्री मात्र तिथेही नळ चिमटून धरी, बाहेर पडणारं पाणी हाताला चांगलं गरम लागेल एवढंच वाहू देई, कारण गार पाण्यावर धावणारं इंजिन धूर टाकतं आणि लायनर लवकर खातं हे त्याला ठाऊक होतं. तो नळ चिमटणारा हात म्हणजेच थर्मोस्टॅटचं काम. जुन्या अँबॅसेडर, पद्मिनी आणि जीप वॉल्व्हशिवाय वर्षानुवर्षं पळाल्या हेही तितकंच खरं आहे. त्या पळाल्या, आणि त्यांची बोअरिंगची, रिंग-पिस्टनची कामं ठराविक काळाने निघत राहिली. ती कामं लोकांनी नशिबाचा भाग समजून केली. आजच्या इंजिनाकडून मात्र आपण हेड न उघडता दोन लाख किलोमीटरची अपेक्षा करतो.

थंड इंजिन झिजतं कसं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून जातं, पण थोडा भाग रिंगांच्या फटीतून खाली तेलाच्या पेटीत उतरतो. तेल पुरेसं गरम असेल तर ही वाफ उडून ब्रीदरच्या नळीतून निघून जाते. तेल थंड असेल तर ती तिथेच पाणी होते आणि तेलात घुसळली जाते. तेल भरायचं झाकण उलटं करून पाहा. आतल्या बाजूला दुधाळ, पिवळसर साय धरलेली दिसली तर ती याच पाण्याची. मलकापूर ते शाहूवाडी, बांबवड्याचा बाजार आणि परत, शाळा, बँक, दूध संकलन केंद्र, असल्या छोट्या फेऱ्यांत इंजिन मुळातच पुरतं गरम होत नाही. त्यात कमी अंशांचा वॉल्व्ह म्हणजे ते कधीच गरम होणार नाही याची तजवीज. सिलिंडरच्या भिंती थंड राहिल्या की झीज घर्षणापेक्षा गंजाने जास्त होते, हे १९३० च्या दशकातच ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्ससाठी सी. जी. विल्यम्स यांनी केलेल्या प्रयोगांतून पुढे आलं होतं. भिंतीचं तापमान उतरत गेलं तशी झीज झपाट्याने वाढत गेली, कारण भिंतीवर आम्लयुक्त दव धरू लागलं. त्या काळच्या इंधनात गंधक फार होतं, आज बीएस-६ इंधनात ते दहा लाखांत फक्त १० भाग आहे, मग तो जुना निष्कर्ष आज कशाला, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. गंधकाचं आम्ल खरंच कमी झालं. पण पाणी तेवढंच आहे, ज्वलनातून निघणारी सेंद्रिय आम्लंही आहेत, आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आहे.

हे इथेनॉल कोल्हापूरच्या वाचकाला परकं नाही. आपल्याच कारखान्यांच्या डिस्टिलरीतून ते जातं. त्याची वाफ करायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. थंड इंजिनात ते नीट वाफत नाही, थेंबांच्या रूपात सिलिंडरच्या भिंतीवर बसतं, तिथली तेलाची पातळ फिल्म धुतं आणि खाली तेलात मिसळतं. ते ७८ अंशांना उकळतं. तेल नियमाने नव्वदीत पोचणाऱ्या इंजिनात ते उडून जातं. जिथे पाणीच ७१ च्या आसपास खेळवलं जातं आणि छोट्या फेऱ्यांत तेल त्याच्याही मागे राहतं, तिथे ते साठत जातं. शिवाय तेलाचा घट्टपणा तापमानावर फार अवलंबून असतो. नेहमीचं ५डब्ल्यू-३० तेल ९० अंशांपेक्षा ७० अंशांना दीडपटीहून जास्त घट्ट असतं. ते फिरवायला इंधन जास्त जळतं. म्हणजे ज्या काळात इंजिन गरम ठेवण्याची गरज वाढली, नेमक्या त्याच काळात ते थंड ठेवायचा सल्ला आपण मुकाट ऐकतो आहोत.

कार्ब्युरेटरच्या गाडीत हे दुखणं सावकाश दिसे. आजच्या गाडीत ते लगेच दिसतं. कंट्रोल युनिट पाण्याच्या तापमानावरून ठरवतं की इंजिन अजून गरम होतंय की झालं. गरम झालं नाही असं समजलं की ते इंधन जास्त सोडतं, ठिणगीची वेळ बदलते, आयडल वर ठेवतं. बीएस-६ ची अट १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली, आणि गाडी स्वतःची तपासणी स्वतः करते. पाणी ठरल्या वेळेत अपेक्षित अंशांपर्यंत पोचलं नाही की कित्येक गाड्या पी०१२८ हा कोड नोंदवतात आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लावतात. डिझेलच्या गाडीत धुराची काजळी गोळा करणारा फिल्टर असतो. तो ठरावीक काळाने आतली काजळी जाळून स्वतःला साफ करतो, आणि ही सफाई सुरू व्हायच्या अटींत इंजिन पुरेसं गरम असणं ही एक अट आहे. इंजिन गरमच होत नसेल तर सफाई पुढे ढकलली जाते, फिल्टर भरतो, ताकद जाते आणि खर्च हजारांत निघतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडीला प्रमाणपत्र मिळतं ते कंपनीने दिलेल्या अंशांच्याच वॉल्व्हसह चाचणी होऊन. तो आकडा म्हणजे कुणीतरी सहज निवडलेला भाग नाही. रिंगांच्या फटी, तेलाची जात, पंख्याचा अंश, इंधनाचा नकाशा हे सगळं त्या आकड्याभोवती बांधलेलं असतं.

आपल्याकडे उष्ण हवा आहे, थर्मोस्टॅट थंड देशांसाठी असतो, हे विधान तर शाहूवाडीत उच्चारलंच जाऊ नये. आंब्याच्या परिसरात पावसाळ्याचे महिने धुक्यात आणि संततधारेत जातात. जुलैत आंबा घाट उतरणाऱ्या गाडीत ॲक्सिलरेटर सुटलेला, गाडी गिअरवर धरलेली, इंजिनात इंधन जवळजवळ जळत नाही आणि समोरून गार, ओला वारा रेडिएटरवर आदळतो आहे. धड वॉल्व्ह अशा वेळी मिटतो आणि इंजिनातली ऊब राखतो. काढून टाकलेला वॉल्व्ह काहीच राखत नाही; कमी अंशांचा कमी राखतो. आणि हीच वेळ असते काच आतून धुरकटण्याची. काच साफ करायला जी गरम हवा हवी ती हीटरमधून, म्हणजे इंजिनाच्याच पाण्यातून येते. पाणी कोमट असेल तर हवा कोमट येते आणि काच साफ व्हायला वेळ लागतो. दरीच्या कडेला, समोरून मालट्रक येत असताना, दहा फुटांपलीकडचं दिसत नसताना, हा वेळ जीवावर बेतू शकतो. एप्रिलमधल्या एका चढासाठी जुलै-ऑगस्टमधल्या प्रत्येक उताराची सुरक्षितता कमी करणं मला तरी कुठल्याच बाजूने समर्थनीय वाटत नाही.

विरोधी बाजूत दोन गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या मान्य करायला हव्यात. एक म्हणजे प्रदूषणाच्या नियमांमुळे कंपन्यांनी गेल्या काही दशकांत इंजिनं अधिक गरम चालवायला सुरुवात केली, आणि उष्णतेने रबरी होज, प्लॅस्टिकच्या जोडण्या, टाक्या लवकर ठिसूळ होतात. हे खरं आहे. पण उपाय होज आणि टाकी वेळेवर बदलण्याचा आहे; ते भाग स्वस्त आहेत, लायनर स्वस्त नाहीत. दुसरं, शर्यतीच्या किंवा जोर वाढवलेल्या इंजिनात ठोका टाळण्यासाठी कमी अंशांचा वॉल्व्ह मुद्दाम बसवतात. तिथे कंट्रोल युनिटचा नकाशा, पंख्याचा अंश आणि तेल हे सगळं त्याच्या जोडीने बदललेलं असतं, आणि ते इंजिन उघडून पाहण्याची तयारीही असते. बाजाराला जाणाऱ्या छोट्या गाडीला तो दाखला लागू पडत नाही. आणि कंपनीनेच एखाद्या इंजिनासाठी उष्ण प्रदेशाला वेगळा आकडा दिला असेल, तर तो खुशाल वापरावा. तो त्या कंपनीचाच आकडा आहे.

गॅरेजवाल्यावर राग काढण्यात अर्थ नाही. घाटात अडकलेलं गिऱ्हाईक, गाडीत लेकरंबाळं, नेमका वॉल्व्ह कोल्हापूरहून मागवायचा तर एक दिवस; अशा वेळी जुना काढून गाडी मार्गी लावणं ही अडीनडीची सोय आहे आणि तेवढ्यापुरती ती समजण्यासारखी आहे. चूक घडते ती पुढे, ती सोय कायमची झाली की. तापायची खरी कारणं तशीच राहतात. रत्नागिरी-कोल्हापूर महामार्गाच्या रुंदीकरणाची धूळ, गळिताच्या हंगामात उडणारा उसाचा पाला आणि पावसातला चिखल रेडिएटरच्या पापुद्र्यांत घट्ट बसतो. बाहेरून नळी मारली तरी एसीच्या कंडेन्सरमागचा थर तसाच राहतो. कूलंट संपलं की बोअरचं पाणी घातलं जातं आणि आतून क्षार धरतात. पंख्याचा रिले कधी लागतो, कधी लागत नाही. पट्टा सैल असतो. झाकण आठ-दहा वर्षांचं असतं. तापल्या इंजिनावर झऱ्याचं गार पाणी ओतून हेड तडकवण्याचे प्रकार तर दर उन्हाळ्यात होतात. वॉल्व्ह काढल्याने यातलं काहीही दुरुस्त होत नाही. उलट गाडी अधूनमधून थंड दाखवू लागते, आणि मालकाला वाटतं दुखणं गेलं.

घरी काम करणाऱ्यांसाठी म्हणून एवढंच सांगेन. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. जुनं कूलंट गोठ्याशेजारी किंवा गटारात सोडू नका. ते चवीला गोड असतं आणि जनावराला विषारी, म्हणून डब्यात भरून गॅरेजात द्या. काढलेला वॉल्व्ह दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात, तळाला न टेकवता, थर्मामीटरसोबत लोंबता ठेवा आणि पाणी तापवा. ८२ चा वॉल्व्ह ८२ च्या आसपास हलायला लागला आणि उकळी फुटेपर्यंत ताटली पूर्ण उचलली गेली, तर तो निर्दोष आहे. तोच परत बसवा आणि तापण्याचं कारण रेडिएटर, पंखा, झाकण यांत शोधा. हललाच नाही किंवा अर्ध्यात अडकला, तर नवा आणा. नवा बसवताना हवा निघून जायची बारीक पिन वरच्या बाजूला ठेवा, नवं गॅस्केट घाला, बोल्ट बेताने आवळा, कारण कव्हर बहुधा ॲल्युमिनियमचं किंवा प्लॅस्टिकचं असतं, आणि आतली हवा निघेपर्यंत कूलंट भरत राहा. गॅरेजात काम करून घेत असाल तर काढलेला वॉल्व्ह मिस्त्रीकडून मागून घ्या, त्यावर कोरलेला आकडा वाचा, आणि दुकानदाराकडे त्याच आकड्याचा वॉल्व्ह मागा. दुसऱ्या आकड्याचा पुढे केला तर तो घेऊ नका.